अर्जात संबोधन कोणते लिहावे?

प्रश्न (वडोदरा): येथील एका मराठी संस्थेत ग्रंथपालपदासाठी अर्ज करायचा आहे, परंतु अर्ज वाचणारे अधिकारी पुरुष आहेत की स्त्री, हे जाहिरातीत नसल्याने 'महोदय' लिहावे की 'महोदया'? सोबत इंग्रजी प्रतही मागितली आहे.

उत्तर १: 'प्रति' खाली 'मा. कार्यवाह' असे पदनाम, संस्थेचे नाव व पत्ता लिहून, विषयाच्या ओळीनंतर 'महोदय/महोदया' असे दोन्ही लिहावे. अर्थात, कार्यालयात दूरध्वनी करून विचारणे उत्तम.

उत्तर २: सहमत. 'स.न.वि.वि.' मात्र नको. माझ्या मते तो मायना परिचितांना शोभतो. इंग्रजी प्रतीत 'डिअर सर ऑर मॅडम' लिहिल्यास ब्रिटिश रीतीप्रमाणे शेवटी 'युअर्स फेथफुली' येते. 'युअर्स सिन्सिअरली' हे नावानिशी संबोधन केले असेल तरच.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्याच दूरध्वनी करते.