मदत हवी आहे: फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेत कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सचं (१९८४ साली सुरू झालेली संघटना) इथं कुणी सभासद आहे का? फिजिक्स ऑलिंपियाडची पहिली पायरी, एनएसईपी (नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन इन फिजिक्स ही परीक्षा), हीच संघटना घेते. आमच्या पोरांनी नावच ऐकलेलं नाही, सगळी सीईटीच्या मागं! कॉलेजात या परीक्षेचं केंद्र आणायला काय करावं लागतं?

दुसरं म्हणजे, आमच्या स्पेक्ट्रोमीटरचा (प्रिझममधून वळणाऱ्या प्रकाशाचे कोन मोजायचं उपकरण) लेव्हलिंग स्क्रू, म्हणजे पातळी सारखी करायचा स्क्रू, गंजून बसलाय. प्रिझमखाली पुठ्ठ्याची घडी घालून भागवतोय, हसू नका. संघटनेची प्रयोगांची कार्यशाळा कुणी केलीय का? शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कुणाची ओळख असेल तरी सांगा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळाच असतो, कुठंही येतो.