अनुभव धागा : प्रुनेला स्केल्स तुम्हाला कुठे भेटल्या?

ब्रिटिश अभिनेत्री प्रुनेला स्केल्स २७ ऑक्टोबर २०२५ ला गेल्या. ९३ वर्षांच्या होत्या. हॉटेलावरच्या 'फॉल्टी टॉवर्स' ह्या विनोदी टीव्ही मालिकेचे भाग मोजून १२, सहा १९७५ चे, सहा १९७९ चे. तेवढ्यावर बाई जन्माच्या सिबिल, म्हणजे त्यातल्या हॉटेलवाल्याची बायको, होऊन बसल्या, बाकीचं काम त्या केसांच्या टोपल्याखाली झाकलं गेलं. तुमची त्यांच्याशी गाठ कुठे पडली, लिहा.

माझी पडली भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. टॉर्कीच्या त्या हॉटेलातलं इंग्रजी अर्धं डोक्यावरून जायचं. आई मटार सोलत बसलेली. नवरा धडपडतोय आणि सिबिल फोनवर मैत्रिणीला 'ओऽह, आय नोऽ' करतेय. आई म्हणाली, "अगं बाई, ह्या तर तळमजल्यावरच्या काकू!"

विंगेतून :
मी आधी राणी बघितली, सिबिल नंतर. ॲलन बेनेट यांचं नाटक 'अ क्वेश्चन ऑफ ॲट्रिब्यूशन', त्यात बाई राणी एलिझाबेथ. १९८८ ला नॅशनल थिएटरमध्ये झालं, १९९१ ला बीबीसीने टीव्हीवर आणलं. मी टीव्हीचं पाहिलं, एका नाट्यशिबिरात. राणीच्या चित्रसंग्रहाची देखरेख करणारा अँथनी ब्लंट, एकेकाळचा सोव्हिएत हेर, आणि समोर अचानक राणी. अस्सल चित्र, नक्कल चित्र यावर गप्पा. हिला त्याचं बिंग ठाऊक आहे का? बाई काही म्हणजे काही दाखवत नाहीत. आवाज सपाट, प्रश्न साधे, घाम आपल्याला. आणि खरी राणी तेव्हा गादीवर! दुसऱ्या कुणी नुसती नक्कल करून टाळ्या घेतल्या असत्या.

टिलवाली :
लंडनला शिकताना एका सुपरमार्केटात टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर, होते. प्रुनेलाबाईंच्या टेस्को सुपरमार्केटच्या जाहिराती जोरात होत्या तेव्हा : त्या खवट डॉटी आणि तिला वैतागलेली मुलगी. टोमॅटो दाबदाबून बघणारी कुणी आली की आम्ही कुजबुजायचो, "डॉटी आली." एकदा आली ती माझीच आई, भारतातून.

पाणकोंबडी :
आम्ही इंग्लंडात रेडिंगला, केनेट-एव्हन कालव्यापाशी. सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा विसरायला लागल्या होत्या. चॅनल फोरवर 'ग्रेट कॅनाल जर्नीज' लागायचं (२०१४ पासून). प्रुनेला आणि त्यांचे यजमान टिमोथी वेस्ट, लग्न १९६३ चं, लांबोडक्या बोटीतून कालवे फिरायचे. बाईंना डिमेन्शिया झालाय हे दोघांनी लपवलं नव्हतं. टिमोथी सुकाणूवर, बाई लॉकपाशी, म्हणजे पाणी कमीजास्त करून बोट वरखाली करणाऱ्या कप्प्यापाशी. काल कुठे होतो ते आठवत नाही, पण लोखंडी दांडा फिरवून लॉकच्या झडपा उघडायचं हात विसरले नव्हते. ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंच्या हातातून लाटणं काढून घेणं मी बंद केलं. पोळ्या वाकड्या होतात. होऊ देत.

धागाकर्ती :
टिमोथी नोव्हेंबर २०२४ ला गेले. वर्षही झालं नाही तोवर ह्या. जायच्या आदल्या दिवशी 'फॉल्टी टॉवर्स' बघत होत्या, असं मुलांनी सांगितलं.
पाणकोंबडी, सासूबाई अजून बघतात का गं?

पाणकोंबडी :
रोज. माहेर दाभोळचं, खाडीकाठचं. बोट दिसली की विचारतात, भरती आहे का. मी म्हणते, आहे.