मदत हवी आहे: निधी अनिश्चित असताना न्यासाचे लवचिक अंदाजपत्रक कसे बांधावे?

नमस्कार. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी बीड जिल्ह्यात हंगामी निवासाची सोय करणाऱ्या एका लहान सार्वजनिक न्यासाचे हिशेब मी पाहते. आमचा बहुतेक खर्च दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत होतो, मात्र कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी पुष्कळदा आर्थिक वर्ष संपत येताना मंजूर होतो, आणि किती मुले गावी मागे राहतील हे त्या वर्षीच्या पावसावर व उसाच्या क्षेत्रावर ठरते.

म्हणून भाडे, अधीक्षक व स्वयंपाकी यांचे मानधन हा स्थिर खर्च वेगळा ठेवून, धान्य, किराणा, औषधे यांचा दर मुलामागे धरावा आणि खात्री असलेला, संभाव्य व किमान अशा तीन निधिपातळ्यांवर अंदाजपत्रक मांडावे, असा माझा विचार आहे. मुलांच्या जेवणाला कोणत्याही पातळीवर कात्री लागू नये, एवढे मात्र मी पक्के धरले आहे.

अडचण राखीव निधीची आहे. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर खर्च करावे लागते. उरलेल्या १५ टक्क्यांतून तीन महिन्यांचा स्थिर खर्च साठायला आम्हाला फार काळ लागेल. विशिष्ट उद्देशासाठी पाच वर्षांपर्यंत निधी साठवण्याची तरतूद, ठराव करून व प्राप्तिकर खात्याचा विहित फॉर्म भरून, कोणी अशा कामासाठी वापरली आहे का? ठरावात उद्देश कसा लिहिला? तसेच वर्षाच्या मध्यात खालच्या पातळीवर जाण्याचा निर्णय विश्वस्तांनी कोणत्या निकषावर घ्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.