मदत हवी आहे: पूर्वी विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला असताना एल-१ व्हिसावर अमेरिकेत प्रवेश

नमस्कार मंडळी,

२०१९ साली एम.एस.साठी केलेला माझा अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासात कलम २१४ (बी) खाली नाकारला गेला होता. आता नागपूरला मिहानमधील माझ्या कंपनीने शिकागोजवळच्या तिच्याच कार्यालयात माझी बदली करण्यासाठी एल-१बी (एल-१ चा, विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठीचा प्रकार) अर्ज दाखल केला, आणि तो मंजूर झाल्याचे आय-७९७ पत्र हाती आले आहे. दूतावासातील मुलाखत अजून व्हायची आहे. मात्र माझी मुख्य शंका त्यापुढची आहे. व्हिसा मिळाला तरी प्रवेश द्यायचा की नाही हे विमानतळावरचा सीमा अधिकारीच ठरवतो, आणि त्याच्यासमोर हा जुना नकार कसा येतो, त्याबद्दल काय विचारले जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी स्वतः जेवढे वाचले आहे तेवढे आधी मांडते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील २१४ (बी) हे कलम असे गृहीत धरते की, तात्पुरत्या व्हिसासाठी आलेला प्रत्येक अर्जदार मुळात तिथे कायमचे राहायलाच निघाला आहे, आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. विद्यार्थी व्हिसाला हे गृहीतक पूर्णपणे लागू होते. एल-१ आणि एच-१बी या दोन कामाच्या व्हिसांना मात्र त्याच कलमातून वगळलेले आहे, म्हणजे पुढे ग्रीन कार्डाचा विचार मनात असला तरी केवळ त्या कारणावरून हे व्हिसा नाकारता येत नाहीत. या कलमाखालच्या नकाराविरुद्ध अपील नसते, तसेच त्यामुळे ठरावीक वर्षांची बंदीही लागत नाही. नवा अर्ज नव्याने तपासला जातो. थोडक्यात, ज्या कारणासाठी मला तेव्हा परत पाठवले, ते कारण या व्हिसाच्या बाबतीत उरत नाही, असे माझे आकलन आहे. ते चुकीचे असेल तर कृपया स्पष्ट सांगावे.

तेव्हाची मुलाखतही सांगते, कारण तिची नोंद त्यांच्याकडे असणारच. विदर्भ एक्स्प्रेसने आदल्या दिवशी मुंबईला पोहोचून मी वांद्रे-कुर्ला संकुलात वेळेवर हजर होते. आय-२० (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र), बँकेचे शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र, वडिलांची आयकर विवरणे, सगळे एका निळ्या फाइलमध्ये क्रमाने लावलेले होते. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने फक्त आय-२० मागितला, शिक्षणानंतर काय करणार असे विचारले, वडिलांच्या व्यवसायाबद्दल एक प्रश्न केला आणि पासपोर्टसोबत एक छापील कागद खिडकीखालून सरकवला. फाइल उघडण्याची वेळच आली नाही. त्यामुळे नकाराचे नेमके कारण मला आजही त्या छापील मजकुरापलीकडे सांगता येणार नाही, आणि सीमेवर ‘का नाकारला होता?’ असे विचारले गेले तर कलमाचे नाव सांगण्याव्यतिरिक्त आणखी काय बोलणे योग्य ठरेल, हा माझा पहिला प्रश्न आहे.

डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, तुम्हाला पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला आहे का, असा थेट प्रश्न असतो. शहरातील एका व्हिसा सल्लागाराने मला सांगितले की, त्यानंतर पासपोर्ट बदलला आहे, नव्या पासपोर्टवर कसलीही खूण नाही, तेव्हा ‘नाही’ लिहून मोकळे व्हा. हे ऐकून मला फार अस्वस्थ वाटले, आणि मी त्यांच्याकडे पुन्हा गेले नाही. मुलाखतीआधी दहाही बोटांचे ठसे घेतले जातात, म्हणजे पासपोर्टचा क्रमांक बदलल्याने माणूस बदलत नाही. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणे हे त्याच कायद्याच्या कलम २१२ खाली कायमच्या अपात्रतेचे कारण ठरते. ज्या नकाराने आज माझे काहीही अडत नाही, तो लपवल्याने मात्र आयुष्यभराचे दार बंद होऊ शकते. धाकट्या मुलामुलींना असे सल्ले सर्रास मिळत असतील तर ते फार गंभीर आहे, असे मला मनापासून वाटते. मी ‘होय’ असेच लिहिणार आहे. प्रश्न एवढाच, की त्याखालच्या स्पष्टीकरणाच्या चौकटीत वर्ष, ठिकाण, व्हिसाचा प्रकार आणि कलम एवढे लिहिणे पुरेसे होते, की आपण त्यावर अधिक खुलासा केला होता?

आता सीमेबद्दल. माझ्या समजुतीप्रमाणे अधिकाऱ्याचा भर जुन्या नकारापेक्षा आताच्या नोकरीवर असतो: कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती पगारावर, आणि विशेषतः काम प्रत्यक्ष कुठे बसून करणार. एल-१बी वर ग्राहक कंपनीच्या जागेत बसून, तिच्या देखरेखीखाली मनुष्यबळ म्हणून काम करण्यावर २००४ च्या सुधारणा कायद्याने बंधने आणली आहेत. माझे काम आमच्याच कार्यालयात आहे, आणि तसे अर्जातही लिहिले आहे. कंपनीच्या वकिलांनी संपूर्ण अर्जाची प्रत हातातल्या सामानात ठेवायला सांगितले आहे. २०१९ चा तो छापील कागदही सोबत ठेवावा का? तो स्वतःहून पुढे करण्याचा माझा विचार नाही, पण मागितला गेल्यास तो जवळ नसणे बरे दिसेल का, हे ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. कंपनी अबू धाबीमार्गे शिकागोचे तिकीट काढण्याच्या विचारात आहे. अबू धाबीच्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेचे सीमा अधिकारी विमानात बसण्यापूर्वीच पूर्ण तपासणी करतात, त्यामुळे शिकागोला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते. तिथे चौकशी लांबली आणि पुढचे विमान चुकले, तर पाच वर्षांच्या मुलाला घेऊन परक्या देशात ताटकळावे लागेल, ही माझ्या यजमानांची काळजी आहे. मला मात्र असे वाटते की, शंका निघायचीच असेल तर ती अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवण्याआधी निघालेली बरी. कारण तिथे पोहोचल्यावर परत पाठवण्याचा औपचारिक आदेश निघाला तर पाच वर्षांची बंदी लागू शकते. ज्यांना आधीचा नकार आहे आणि जे या मार्गाने गेले आहेत, त्यांना वेगळ्या खोलीत बसवून चौकशी झाली का, आणि दोन विमानांमध्ये त्यांनी किती वेळ ठेवला होता, हे कळले तर आमचा निर्णय सोपा होईल.

यजमान आणि मुलगा एल-२ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर येणार आहेत. त्यांना कधीही नकार मिळालेला नाही, तेव्हा त्यांच्या अर्जात त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच राहील, कारण तो प्रश्न ज्याच्या त्याच्यापुरता आहे. महानगरपालिकेचे विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि मुलाचा जन्मदाखला आम्ही तयार ठेवला आहे. यजमानांच्या आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर ‘एल-२एस’ (जोडीदारासाठीचा संकेत) असे आले तर त्यांना वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते, हे वाचले आहे. तपासणीच्या खिडकीवरच हे अधिकाऱ्याच्या लक्षात आणून देणे योग्य असते का?

शेवटची शंका पासपोर्टची. माझ्या पासपोर्टची मुदत दोन वर्षांनी संपते, पण मंजुरी तीन वर्षांची आहे. अशा वेळी आय-९४ वरची तारीख पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच दिली जाते, असे अनेकांनी लिहिले आहे. तेव्हा मुलाखतीपूर्वीच नागपूरच्या पारपत्र कार्यालयातून नूतनीकरण करून घ्यावे, असे मला वाटते. तसे केल्यास २०१९ नंतरचा हा दुसरा बदललेला पासपोर्ट ठरेल, आणि त्यावरून कुणाला प्रश्न विचारले गेले असतील तर तेही कळवावे.

कायदेशीर बाजू कंपनीचे वकील पाहत आहेत. मला हवे आहेत ते २१४ (बी) नंतर एल-१ किंवा एच-१बी वर प्रत्यक्ष सीमा ओलांडलेल्यांचे अनुभव: कोणत्या विमानतळावर, कोणत्या वर्षी, आणि जुन्या नकाराचा विषय अधिकाऱ्याने काढला की नाही. प्रवेश नाकारला गेला असेल तर तो अनुभवही अवश्य लिहावा, त्याची मला जास्त गरज आहे.