पीएस२ आणि गेमक्यूबच्या एम्युलेटरसाठी लॅपटॉप: पैसे ग्राफिक्स कार्डावर घालावेत की प्रोसेसरवर?

वऱ्हाडी_गडी

नमस्कार. माझ्याकडे २००५ साली घेतलेला प्लेस्टेशन २ आणि त्याच्या तीसेक मूळ डिस्क आहेत. यंत्र अजून धडधाकट आहे. पण घरात नवा टीव्ही आला आणि त्याला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लावायची सोयच नाही. म्हणून हे सगळे खेळ आता लॅपटॉपवर पीसीएसएक्स२ या एम्युलेटरमध्ये (म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवावेत, आणि जमल्यास डॉल्फिन या दुसऱ्या एम्युलेटरवर निन्टेन्डोच्या गेमक्यूब व वी यांचेही काही खेळावेत, असे ठरवले आहे. पीएस३ची हौस नाही.

साठ हजारांच्या आत अकोल्यातल्या दुकानदाराने तीन लॅपटॉप दाखवले. पहिला रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, हलका आणि तिघांत स्वस्त. दुसरा कोअर आय५-१२४५०एच, सोबत आरटीएक्स २०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि १४४ हर्ट्झचा पडदा. तिसरा रायझन ५ ७५३५एचएस, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅमची एक स्टिक आणि एक स्लॉट रिकामा. दुकानदाराच्या मते खेळ म्हटला की ग्राफिक्स कार्ड हवेच, त्यामुळे दुसराच घ्यावा. मी कागदावर पाहिले तर तिघांचे कमाल वेग अनुक्रमे ४.३, ४.४ आणि ४.५५ गिगाहर्ट्झ आहेत, म्हणजे उन्नीस-बीसचा फरक. मुळात पीएस२चा स्वतःचा प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झच्याही आतला होता. मग पहिला का पुरू नये? जाणकारांनी कृपया सांगावे.

चिपचिंतन

नमस्कार. आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पीएस२चा इमोशन इंजिन हा प्रोसेसर सुमारे २९५ मेगाहर्ट्झवर चाले हे खरे. परंतु त्या यंत्रात तो एकटा नव्हता. त्याच्याच पोटात व्हीयू० आणि व्हीयू१ ही दोन गणितयंत्रे होती, चित्र काढण्यासाठी ग्राफिक्स सिंथेसायझर ही वेगळी चिप होती, आवाजाची चिप निराळी होती, आणि डिस्क व कंट्रोलर सांभाळण्यासाठी चक्क जुन्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर बसवलेला होता. ही सगळी मंडळी एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर काम करत, आणि खेळ लिहिणाऱ्यांनी तो ताल गृहीत धरूनच खेळ लिहिले. एम्युलेटरला मूळ चिपची प्रत्येक आज्ञा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत आणावी लागते आणि शिवाय हा सगळा ताल जुळवावा लागतो. ते काम आठ कोअरमध्ये आठ वाटे करून देता येत नाही. पीसीएसएक्स२ मध्ये इमोशन इंजिनचा एक धागा (एका वेळी एकाच कोअरवर चालणारे काम), ग्राफिक्सचा दुसरा आणि एमटीव्हीयू हा पर्याय चालू ठेवल्यास व्हीयू१चा तिसरा, एवढीच मोठी विभागणी होते. डॉल्फिनचा मुख्य भार तर दोनच कोअरवर असतो. त्यामुळे कोअर किती आहेत यापेक्षा एकटा कोअर किती धावतो, हे पाहायचे.

आता ४.३ आणि ४.५५ यांतल्या उन्नीस-बीसबद्दल. गिगाहर्ट्झ म्हणजे पावलांचा वेग. पाऊल किती लांब पडते ते त्यात येत नाही. रायझनच्या ७००० मालिकेतील लॅपटॉप प्रोसेसरच्या क्रमांकातला तिसरा आकडा पाहावा, कारण आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तो सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ही २०१९ सालची रचना. ७५३५एचएस मधला ३ म्हणजे झेन ३ची पिढी, तीही सुधारलेली. नाव दोन्हींचे सात हजारांतले, पण गाभा वेगळा. शिवाय ७५२०यू मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) ४ एमबी आहे, ७५३५एचएस मध्ये १६ एमबी आणि आय५ मध्ये १२ एमबी. एम्युलेटर सतत इकडून तिकडे उड्या मारत असतो, त्यामुळे ही तफावत त्याला चांगलीच जाणवते. पहिला लॅपटॉप कार्यालयीन कामाला उत्तम आहे, पण आपल्या यादीतून तो वगळावा.

उरलेल्या दोहोंत मी आय५च्या बाजूने मत देईन, मात्र दुकानदाराने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. त्याच्या चार मोठ्या कोअरपैकी प्रत्येकाचा एकट्याचा वेग तिघांत सरस आहे. ग्राफिक्स कार्ड लागते ते चित्र मूळ आकाराच्या तिप्पट-चौपट करून पाहताना. २०५० तेवढे सहज करेल. पण तिप्पट, म्हणजे साधारण फुल एचडीपर्यंत, ७५३५एचएस मधले आतले रेडिऑन ६६०एम सुद्धा बहुतेक खेळांत निभावून नेईल.

उन्हातली_राधा

चिपचिंतन यांचे विवेचन पटते, तरी एक गोष्ट कागदावर कधीच दिसत नाही म्हणून लिहिते आहे. मी चंद्रपूरची आहे आणि आपण अकोल्याचे. मे महिना काय असतो ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

माझा आधीचा लॅपटॉप पातळ बांध्याचा होता. त्यावर एक पीएस२चा शर्यतीचा खेळ पहिली दहा मिनिटे अगदी शंभर टक्के वेगाने चाले. मग पंख्याचा आवाज चढे, आणि वीसेक मिनिटांनी गाडीच्या इंजिनचा आवाज तुटू लागे, खरखर येई. एम्युलेटर मंदावला की चित्राआधी कानाला कळते. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा ८६ दाखवत असे. प्रोसेसर तोच आणि खेळही तोच. फक्त तापल्यामुळे त्याने आपला वेग उतरवलेला. शेवटी मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणे ठेवली, खालून हवा मिळाली आणि आकडा ९५ च्या पुढे सरकला. गादीवर ठेवून खेळण्याचा विचार तर मनातही आणू नये.

म्हणून सुचवते की पीसीएसएक्स२ पेनड्राइव्हवर पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) स्वरूपात घेऊन, स्वतःच्या एखाद्या डिस्कची प्रत आणि स्वतःच्या यंत्रातून काढलेले बायोस (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) सोबत ठेवून दुकानात जावे, चार्जर लावून अर्धा तास चालवू द्यावे अशी विनंती करावी. दुकानदार कुरकुरेल, पण विकत घेणाऱ्याला तेवढा हक्क आहे. सेटिंगमध्ये सीपीयू आणि जीपीयूचा वापर पडद्यावर दाखवण्याची सोय आहे, ती चालू करावी. वेग शंभरच्या खाली गेला आणि त्या वेळी ईईचा (इमोशन इंजिनच्या धाग्याचा) आकडा शंभरला टेकलेला असेल, तर प्रोसेसर कमी पडतो आहे. तिथे चित्राचा आकार घटवून काहीही साधत नाही. ईई साठ-सत्तरवर आणि जीपीयू शंभरवर असेल, तर मात्र आकार एक पायरी खाली आणावा. हे न पाहता लोक उगाच दिवसभर सेटिंग फिरवत बसतात.

माझी पसंती तिसऱ्या लॅपटॉपला. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे आतली उष्णता तेवढी कमी. फक्त त्या रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी ८ जीबी स्टिक पहिल्याच दिवशी घालून घ्यावी.

चिपचिंतन

राधाताई, उष्णतेचा मुद्दा मान्य; मी तो लिहायला हवा होता. ग्राफिक्स कार्ड मात्र तसे कारण नसताना तापत नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये एम्युलेटरला आतले ग्राफिक्स नेमून दिले तर ते जवळपास निजलेलेच राहते. (उलटही घडते: कार्ड असूनही एम्युलेटर आतल्या ग्राफिक्सवर चालत राहतो आणि लोक कार्डाला नावे ठेवतात.)

दुसऱ्या स्टिकचे कारण मात्र सांगण्यासारखे आहे. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते. एका स्टिकवर ही वाट अर्ध्या रुंदीची राहते. ७५३५एचएस ला लागणाऱ्या डीडीआर५-४८०० च्या एका स्टिकमधून सेकंदाला ३८.४ जीबी एवढी माहिती जाऊ शकते, दोहोंतून ७६.८. पीएस२च्या ग्राफिक्स सिंथेसायझरमध्ये मेमरी होती फक्त ४ एमबी, पण तिची वाट सेकंदाला ४८ जीबीची होती. म्हणजे २००० सालच्या त्या चिपला गाठायला आजच्या अशा डीडीआर५ लॅपटॉपलाही दोन स्टिक लागतात! एकावर एक पारदर्शक थर चढवून धूर, धुके, पाण्याचे तुषार काढणारे पीएस२चे खेळ आजही जड का जातात, त्याचे एक कारण इथेच आहे. तिसरा लॅपटॉप घेतल्यास दुसऱ्या स्टिकचे पैसे त्याच्याच किमतीत धरावेत. दुसऱ्यात कार्डाला स्वतःची ४ जीबी मेमरी असल्याने ती घाई नाही.

मुस्तफाप्रेमी

वरील चर्चा पीएस२पुरती रास्त आहे, पण येथे येणाऱ्या इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो की लहानपणीचा कार्ट्रिजवाला टीव्ही गेम, पीएस१ किंवा गल्लीतल्या पार्लरमधला तो मुस्तफाचा खेळ एवढेच खेळायचे असेल, तर यांपैकी काहीच विकत घेऊ नये. कार्ट्रिजवाल्या यंत्राचा मूळ प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा होता. कार्यालयातून निघालेला इंटेलच्या आठव्या पिढीचा जुना लॅपटॉपही त्याला पुरून उरतो.

अपवाद अचूकतेचा. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चाले, तरी बीएसएनईएस या एम्युलेटरचा लेखक त्याची प्रत्येक बारीक हालचाल हुबेहूब उतरवण्यासाठी तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर मागत असे, आणि लोक त्याला हसत. त्याचे बरोबर होते. तसेच रेट्रोआर्क या अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममधले रन-अहेड वापरून बटणाचा उशीर कमी करायचा असेल, तर प्रत्येक फ्रेममागे पुढच्या फ्रेमचेही गणित करावे लागते, तेव्हा ताकद जास्त लागते.

आणि कंट्रोलरसाठी पैसे राखून ठेवावेत. बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी उमटतच नाही.

वऱ्हाडी_गडी

सर्वांचे मनापासून आभार. पहिला लॅपटॉप बाद केला. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जातो आणि दोन्ही अर्धा-अर्धा तास चालवून पाहतो. तापल्यावर ज्याचा ईईचा आकडा खाली राहील तो घेईन. एकच शंका उरली आहे. १४४ हर्ट्झच्या पडद्याचा एम्युलेटरला फायदा आहे का? माझ्या डिस्क भारतात घेतलेल्या, पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या आहेत.

चिपचिंतन

फायदा तर नाहीच, उलट थोडी अडचण आहे. साठ फ्रेमचा खेळ १४४ मध्ये बरोबर बसत नाही. एक फ्रेम दोनदा दिसते, दुसरी तीनदा, आणि कॅमेरा आडवा सरकताना बारीक हिसके जाणवतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १२० किंवा ६० हर्ट्झचा पर्याय असेल तर खेळताना तो निवडावा.

आपल्या पाल डिस्क मात्र ५० फ्रेमच्या आहेत, आणि ५० हा आकडा ६०, १२०, १४४ यांपैकी कशातच पुरा बसत नाही. काही पाल खेळ सुरुवातीलाच ६० हर्ट्झ हवे का असे विचारतात; तिथे हो म्हणावे. जे विचारत नाहीत त्यांच्यासाठी पडद्याला बदलत्या रिफ्रेश दराची सोय आहे का ते दुकानातच पाहून घ्यावे. ती असल्यास पडदाच खेळाच्या चालीने चालतो. पण ५० चा खेळ ओढूनताणून ६० वर नेऊ नये, कारण तो वीस टक्के जलद पळेल.