नदीकाठच्या लहान अमेरिकन टाऊनशिपचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या कशी वाचावी?

नकाशावाचक (प्रश्न):
अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील नदीकाठच्या ग्रामीण टाऊनशिपांची जनगणनेतील माहिती मी काही दिवसांपासून वाचत आहे. आपल्याकडे टाऊनशिप म्हटले की फाटक, पहारेकरी आणि दहा-बारा इमारती डोळ्यांसमोर येतात. तिथे मात्र मैलोन्‌मैल मका आणि सोयाबीन, नदीला लागून थोडी घरे आणि जेमतेम काहीशे माणसे, एवढ्यालाही टाऊनशिपच म्हणतात. यातील बहुतेकांचे क्षेत्रफळ ३६ चौरस मैलांच्या आसपास असते, परंतु नदीकाठच्या टाऊनशिपचे पुष्कळदा त्याहून कमी भरते. शिवाय घरांची संख्या कुटुंबांपेक्षा बरीच अधिक दिसते आणि २०१० ते २०२० या काळात लोकसंख्या घटलेली असते. माणसे गाव सोडून चालली आहेत, एवढाच याचा अर्थ घ्यावा का?

मोजणीदार:
३६ हा आकडा २० मे १७८५ च्या जमीनविषयक अध्यादेशातून आला आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या कर्जाखाली दबलेल्या नव्या राष्ट्राला ओहायो नदीपलीकडची जमीन विकून पैसा उभा करायचा होता, आणि घेणाऱ्याने न पाहिलेली जमीन विकायची तर तिचे सारखे तुकडे पाडणेच सोयीचे होते. म्हणून सहा मैल लांब आणि तितकाच रुंद चौकोन ठरला व त्याचे ६४० एकरांचे ३६ भाग झाले. त्यांना सेक्शन म्हणतात. त्यांतील सोळावा शाळेसाठी राखून ठेवला जाई. १७९६ च्या कायद्यापासून सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे सहापर्यंत जातात आणि तिथून एक ओळ खाली उतरून पुन्हा पूर्वेकडे फिरतात. नांगराचे बैल तासाच्या टोकाशी वळतात, अगदी तसेच. मोजणीची साखळी शंभर कड्यांची व ६६ फूट लांबीची असे, म्हणजे आपल्या गुंठ्याच्या बाजूच्या बरोबर दुप्पट, आणि अशा ८० साखळ्यांचा एक मैल होई. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांजवळ येतात व चौकोन नेमका बसत नाही. ती तूट उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत टाकली जाते. नदी नसतानाही पुष्कळदा पूर्ण ३६ भरत नाहीत, ते यामुळे.

नदीकाठी आणखी एक गोष्ट घडते. मोठी नदी आडवी आली की मोजणी करणारे तिच्या काठाने वळणावळणाची रेषा आखत आणि चौकोन तिथेच तुटे. उरलेल्या अपुऱ्या सेक्शनमधील वेड्यावाकड्या तुकड्यांना स्वतंत्र क्रमांक देऊन ‘गव्हर्नमेंट लॉट’ म्हणत. नदी हीच काउंटीची (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाची) किंवा राज्याची हद्द असेल, तर चौकोनाचा पलीकडचा भाग दुसऱ्याच्याच हिशोबात जातो.

मात्र हे सर्व मोजणीच्या टाऊनशिपविषयी झाले. कारभाराची टाऊनशिप ही निराळी संस्था आहे. उदाहरणार्थ, ओहायोमध्ये तिच्यासाठी तीन विश्वस्त आणि एक हिशोब अधिकारी निवडून दिले जातात. अनेक ठिकाणी दोन्हींच्या हद्दी जुळतात, पण सर्वत्र नाही. पेनसिल्व्हेनियाची मोजणी या पद्धतीने झालीच नाही, त्यामुळे तेथील टाऊनशिपांत हा चौकोन शोधू नये.

काठोकाठ:
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. हद्द नदीवर ठेवली की नदी हलल्यावर काय करायचे, हा प्रश्न उरतोच. पाणी एका काठाची माती हळूहळू कापत दुसऱ्या काठाला मळई घालत असेल, तर सर्वसाधारणपणे हद्दही नदीबरोबर सरकते. पुराच्या तडाख्याने नदीने एकदम नवे पात्र धरले, तर हद्द जुन्या पात्रातच राहते. १८७७ मध्ये मिसुरी नदीने ओमाहा शहराजवळचे एक वळण तोडले आणि आयोवा राज्याचा एक तुकडा नेब्रास्का राज्याच्या बाजूला गेला. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला व १८९२ मध्ये याच तत्त्वावर निकाल लागला; तिथले कार्टर लेक हे गाव आजही आयोवातच मोजले जाते.

कास्कास्कियाची कथा तर अधिकच चटका लावणारी आहे. १८१८ मध्ये इलिनॉय राज्य झाले तेव्हा हे गाव त्याची पहिली राजधानी होते. १८८१ मध्ये मिसिसिपीने कास्कास्किया नदीच्या खालच्या पात्रात घुसून जुने गाव बहुतांशी गिळले, आणि उरलेला प्रदेश मिसिसिपीच्या पश्चिमेला राहिला. आज इलिनॉयमधून या इलिनॉयच्याच गावात मोटारीने जायचे तर मिसुरी राज्यातून वळसा घ्यावा लागतो. तेथील लोकसंख्या २०१० मध्ये १४ होती आणि २०२० मध्ये २१ झाली.

शिरगणती:
कास्कास्कियाचा आकडा इथे उपयोगी आहे, कारण टक्केवारीत ती ५० टक्के वाढ ठरते आणि प्रत्यक्षात माणसे वाढली सात. काहीशे वस्तीच्या टाऊनशिपमधील घटही याच सावधपणे वाचावी. तेथील जनगणनेचा संदर्भदिवस १ एप्रिल असतो आणि माणूस नेहमी जिथे राहतो व झोपतो तिथे त्याची नोंद होते. नदीकाठी मासेमारीसाठी किंवा उन्हाळ्यापुरती बांधलेली लाकडी घरे ‘हंगामी वापराची’ म्हणून रिकाम्या घरांत मोजली जातात. घरे अधिक आणि कुटुंबे कमी दिसण्याचे हे मोठे कारण आहे.

घट होण्याची कारणेही अनेक आहेत. तरुण बाहेर पडतात, हे खरेच. पण संघराज्याच्या निधीतून वारंवार पुराखाली येणारी घरे विकत घेतली गेली असतील, तर ती जागा कायमची मोकळी ठेवावी लागते आणि तिथे पुन्हा वस्ती होत नाही. मिशिगनसारख्या राज्यात शेजारच्या शहराने टाऊनशिपचा एखादा पट्टा सामावून घेतला, तर तेथील रहिवासी एकही पाऊल न हलता शहराच्या खात्यात जातात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वेगळाच आहे. २०२० मध्ये व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्याहून लहान प्रदेशांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर थोडा कमी-जास्त फेरफार केलेला आहे. त्यामुळे लहान टाऊनशिपमध्ये चार-पाच माणसांच्या फरकावर काहीही रचू नये. उत्पन्नाचे आकडे तर शिरगणतीतून येतच नाहीत. ते नमुना पाहणीतून येतात, आणि ६५,००० हून कमी वस्तीसाठी पाच वर्षांची पाहणी एकत्र करून दिले जातात. त्यांच्याशेजारी छापलेली संभाव्य चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) आधी पाहावी.

नकाशावाचक:
आभारी आहे. एकच शंका उरली: लोकसंख्येची घनता काढताना नदीचे पाणी धरतात की वगळतात?

शिरगणती:
वगळतात. समजा, टाऊनशिप ३६ चौरस मैलांची असून त्यातील ४ चौरस मैल पाण्याखाली आहेत आणि ४८० माणसे राहतात. तर घनता ३२ ने भागून १५ येईल, ३६ ने भागून येणारी १३.३ नव्हे. कोष्टकात एकूण, जमीन आणि पाणी असे तीन आकडे शेजारीशेजारी असतात, त्यांतील मधलाच घ्यावा.