वेस्टर्नमधल्या बायका झिंज्याच का उपटतात?

रद्दीतला राजा: रद्दीच्या दुकानातून जुन्या इंग्रजी वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडे-पिस्तुलांच्या कादंबऱ्या) आणि साहसकथांचा गठ्ठा आणलाय, महिनाभर तेच वाचतोय. दोन पुरुष सलूनमध्ये भिडले की लेखक सगळं नीट सांगतो: पिस्तुलाकडे आधी कुणाचा हात गेला, ठोसा जबड्यावर बसला की बरगडीत. दोन बायका भिडल्या की झिंज्या, नखं, फाटलेलं पोलकं आणि भोवती खिदळणारे बाप्ये. शेवटी कुणीतरी बादली ओततो. कारण एकच, पुरुष. पुढच्या प्रकरणात त्या मारामारीचा मागमूस नाही. ही मारामारी नाहीच, बघणाऱ्यांसाठी मांडलेला खेळ आहे.

पिटातला प्रेक्षक: बादली म्हटली की १९३९ चा 'डेस्ट्री राइड्स अगेन' हा वेस्टर्न सिनेमा आठवतो. मार्लिन डीट्रिच आणि उना मर्केल यांची जुंपते, जेम्स स्ट्युअर्ट पाणी ओततो. पण कारण प्रेम नाही हं, मर्केलच्या नवऱ्याची जुगारात गेलेली विजार! आणि सिनेमा ज्यावरून घेतला त्या मॅक्स ब्रँडच्या १९३० च्या कादंबरीत फ्रेंची, म्हणजे डीट्रिचचं ते पात्र, नाहीच. तेव्हा सगळं पाप पुस्तकांच्या माथी नको.

नळावरची: राजे, चाळीतल्या नळावरचं भांडण कधी पाहिलंय का? झिंज्या खरंच उपटतात. मुष्टियुद्ध शिकायला कुणी पाठवलं होतं आम्हाला? हाताला लागेल ते धरायचं. खोट झिंज्यांत नाही, लिहिणाऱ्याच्या आळसात आहे. फ्रेंच कादंबरीकार झोलाची 'लासोमवार' (१८७७) वाचा. धोबीघाटात जेर्वेज आणि व्हर्जिनी भिडतात. आधी पाण्याच्या बादल्या, मग कपडे धोपटायचं धोपाटणं. जेर्वेज तिला त्यानेच बडवते, रोजच्या कामाचा सराव असतो ना! आणि ही व्हर्जिनी विसरत नाही. पुढे जेर्वेजचं दुकान तिच्याच ताब्यात जातं.

रद्दीतला राजा: झोला आणि दहा सेंटची मासिकं एका तागडीत? आणि तिथेही चार्ल्स नावाचा पोऱ्या मिटक्या मारत बघत उभा असतोच की. भांडणाचं मूळसुद्धा जेर्वेजला सोडून गेलेला लांतिए, म्हणजे पुरुषच. दुकानाचा मुद्दा मात्र मान्य. तो मला सुचला नव्हता.

गॅसबत्ती: मग मासिकातलंच घ्या. रॉबर्ट हॉवर्डची 'रेड नेल्स' ही साहसकथा, 'वियर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकात १९३६ साली आलेली. त्यात व्हॅलेरिया ही तलवारबाज बाई एका दासीला उघडी करून चाबकाने फोडते. ते पान कशासाठी आहे हे न कळायला आपण काही कुकुली बाळं नाही. पण त्याच कथेच्या शेवटी टास्केला या चेटकिणीला खंजीर खुपसते तीही व्हॅलेरियाच, कथेचा नायक कॉनन नव्हे. एकच लेखक, एकच कथा, दोन्ही प्रकार. मुखपृष्ठावर कोणता प्रसंग यावा? व्हॅलेरिया वेदीवर उताणी! चित्र मार्गारेट ब्रुन्डेज या बाईंचं. खंजिरापेक्षा वेदीवर अंक खपत असणार, दुसरं काय.

नळावरची: बाईने काढलं म्हणून ते बाईच्या नजरेतलं होत नाही. गिऱ्हाईक मागेल ते काढायचं, पैसे घ्यायचे.

घोडेस्वार: अमेरिकेच्या खऱ्या पश्चिमेतला किस्सा सांगतो. डेन्व्हर, ऑगस्ट १८७७. (झोलाचंच साल, योगायोग.) मॅटी सिल्क्स आणि केट फुल्टन, दोघी कुंटणखाने चालवणाऱ्या. दंतकथा अशी की कोर्ट थॉमसन नावाच्या माणसापायी दोघी कमरेपर्यंत उघड्या होऊन पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या, दोघींचा नेम चुकला आणि गोळी थॉमसनच्या मानेला चाटून गेली. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत काय? सहलीतली बाचाबाची, हाणामारी, केटने खाल्लेला मार, नंतर थॉमसनच्या मानेला गोळी. रीतसर द्वंद्व नाही, उघडं अंग तर नाहीच. ते कपडे नंतर सांगणाऱ्यांनी उतरवले.

रद्दीतला राजा: हेच तर म्हणतोय! घडलेल्या भांडणाचाही यांनी खेळ केला.

घोडेस्वार: अहो, पण पुरुषांचं तरी खरं कुठे लिहिलंय? भर दुपारी रस्त्यात समोरासमोर उभं राहून पिस्तूल उपसणं हेही बव्हंशी कादंबरीवाल्यांचंच. खोटं दोघांच्याही वाट्याला आलंय.

नळावरची: त्या खोट्यात पुरुष मोठा होतो. आमच्या खोट्यात पोलकं फाटतं. एवढाच फरक.

रद्दीतला राजा: बरं, झिंज्या मागे घेतो. पण या गठ्ठ्यात हरलेली बाई दुसऱ्या दिवशी सुजलेला डोळा घेऊन भाकऱ्या थापताना दिसलेली एक कादंबरी दाखवा. बावीस वाचून झाल्या.

गॅसबत्ती: उरल्यात किती?

रद्दीतला राजा: नऊ.